पाणी जोखताना

मराठी भाषेने सर्वांत जास्त कोणाला राबवून घेतले असेल, तर ते पाण्याला. प्रतिस्पर्ध्याला हरवायचे आहे? पाजा त्याला पाणी. हक्क सोडायचा आहे? सोडा त्यावर पाणी. वर्षभराची मेहनत फुकट गेली, तर तिच्यावर पाणी पडले. शेजाऱ्याची भरभराट बघवत नसली, की आपण त्याला पाण्यात पाहतो. हिशेबात काही काळेबेरे वाटले, की कुठे तरी पाणी मुरते आहे असे म्हणतो. आणि मुलाचा निकाल लागायच्या आदल्या रात्री तर साक्षात देवालाच पाण्यात घालून बसतो. तलवारीला पाणी, हिऱ्याला पाणी, डोळ्यांत पाणी, आणि या दिवसांत शेजारच्या घरून येणाऱ्या चकलीच्या नुसत्या वासाने तोंडालाही पाणी!

ज्याच्या जिवावर आपण एवढे वाक्प्रचार उधळतो, त्या पाण्याकडे मात्र आपण क्वचितच निरखून बघतो. नळाला आले, तर भांडी भरायची. नाही आले, तर नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडायची. पाण्याशी आपला संबंध एवढाच. या पानावर एरवी आपण शब्दांच्या गमतीजमती बघतो. दिवाळी अंकाच्या निमित्ताने संपादकांनी जरा पाय पसरायला जागा दिली आहे, तेव्हा या खेपेला शब्दांचा हात धरूनच थेट पाण्यात उतरायचे ठरवले आहे. त्याला निमित्त झाले ते जूचंद्रचे.

जूचंद्र हे वसई तालुक्यातले गाव. पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्थानकावर उतरून पूर्वेकडे निघाले, की ते फार लांब नाही. शिवाय दिवा-वसई मार्गावर त्याचे स्वतःचे स्थानकही आहे. डोंगरावर चंडिका देवीचे देऊळ, खाली आगरी वस्तीचे जुने गाव, आणि खाडीच्या अंगाला मिठागरे. पण वसईच्या मुलखात या गावाचे नाव निघते, ते रांगोळीसाठी. इथे रांगोळीचे कलावंत इतके, की रांगोळीचे गाव हीच जूचंद्रची ओळख झाली आहे. दिवाळीत इथे भरणारी रांगोळ्यांची प्रदर्शने बघायला लांबलांबून माणसे येतात. ठिपक्यांची रांगोळी आणि गोपद्मे यांच्या पलीकडे जाऊन ही मंडळी जमिनीवर माणसांचे चेहरे उभे करतात. आणि ते असे, की चित्रातल्या म्हातारीच्या डोळ्यांतले पाणी पुसायला हात पुढे व्हावा.

माझ्या वर्गात या गावची एक मुलगी आहे. वाक्प्रचारांचा तास चालला असताना मी एकदा ‘पाण्यावरची रेघ’ असे काहीसे म्हणाले. टिकत नाही ते, या अर्थी. तास संपल्यावर ती माझ्यामागून आली आणि म्हणाली, “मॅडम, पाण्यावर रेघ टिकते. आमच्याकडे या, दाखवते.”

गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी मी गेले. तिने पितळेची मोठी परात रात्रीच काठोकाठ भरून कोपऱ्यात ठेवली होती. पंखा बंद, खिडकी बंद, धाकट्या भावाला अंगणात पिटाळलेले. कोळशाची वस्त्रगाळ पूड तिने मलमलीतून पाण्यावर अलगद चाळली. बघता बघता पाण्यावर काळी मऊ जमीन तयार झाली. मग चिमटीतून पांढरी रांगोळी सुटू लागली. आधी बारीक रेघ, मग कुयरी, मग कमळ. मी श्वास रोखून बसले होते. तो तिच्या सूचनेवरूनच, कारण फुंकर लागली असती तर कमळ परातीच्या काठाला जाऊन बसले असते.

आता यातली गंमत बघा. रांगोळी म्हणजे काय? शिरगोळ्याच्या दगडाचे पीठ. हा दगड पाण्याच्या अडीच पटींहून अधिक जड. म्हणजे न्यायाने तो तळाशी जायला हवा. कोळशाचा तराफा खाली असला, तरी तो तराफासुद्धा चिमूटभर भुकटीचाच. मग हे सारे तोलले कशाने?

विरार लोकलच्या डब्यात गर्दीच्या वेळी जे चढले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. डब्याच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला चारी बाजूंनी सारखाच रेटा बसतो, म्हणून तो जागचा हलत नाही. दारातल्या माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या एका बाजूला मोकळी हवा असते. त्याचा हात, दप्तर, सदरा जे काही सापडेल ते धरून आतले लोक त्याला आत ओढून ठेवतात. पाण्याचे कणही एकमेकांना असेच धरून असतात. पोटातल्या कणाला सगळीकडून सारखी ओढ असते. पृष्ठभागावरच्या कणाला मात्र वरून धरणारे कोणी नसते, त्याला सारी ओढ बाजूंनी आणि आतून. म्हणून पाण्याची वरची पाठ ताणलेल्या कातड्यासारखी वागते. शास्त्रज्ञ तिला पृष्ठताण म्हणतात. रोजच्या वापरातल्या द्रवांत पाण्याइतकी घट्ट पाठ दुसऱ्या कोणाची नाही. त्यावर ताण करतो तो पारा. या पाठीवरून पाणकिडे चालतात, कोरडी सुई हलकेच ठेवली तर ती तरंगते, आणि जूचंद्रच्या मुली त्यावर कमळे काढतात.

कमळ पुरे झाल्यावर मुलीने हाताच्या बोटाला साबण लावला आणि परातीच्या कडेशी पाण्याला नुसते टेकवले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे कमळ पलीकडच्या काठाला पळाले! साबण घुसला, की पाण्याच्या कणांची पकड ढिली होते; पाठीचा ताण निम्म्याच्याही खाली येतो. जिकडची पकड शाबूत असते, ती बाजू सारे कातडे आपल्याकडे ओढून घेते. आपले कपडे स्वच्छ होतात, त्यातला एक मोठा भाग हाच. साबणाने पाण्याचा ताठा मोडतो, आणि मग ते धाग्यांच्या बारीक फटींत शिरायला तयार होते.

मी तिला म्हटले, “तुझ्यासारखीच एक मुलगी जर्मनीत होऊन गेली.” आणि आग्नेस पॉकेल्सची हकिगत सांगितली. ती वाचकांनाही सांगायला हवी, कारण ती स्वैपाकघरातली हकिगत आहे.

आग्नेसचा जन्म १८६२ चा. ब्राउनश्वाइग या गावी आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम हे तिचे आयुष्य. पदार्थविज्ञानाची ओढ फार. पण त्या काळी तिथल्या विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. भाऊ शिकत होता, त्याची पुस्तके ती वाची. भांडी धुताना तेलकट पाणी आणि साबण यांचे खेळ तिच्या नजरेत भरले. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिने पत्र्याची एक उथळ पन्हळ केली, ती काठोकाठ भरली, वरून एक पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग लहानमोठा करायची युक्ती काढली, आणि तराजूला एक गुंडी टांगून ती पाण्यापासून सोडवायला किती जोर लागतो ते मोजले. चिमूटभर चरबी पाण्यावर पसरली तर त्याच्या पाठीचा ताण कसा आणि किती बदलतो, याची नोंद तिने वर्षानुवर्षे ठेवली. अखेर जानेवारी १८९१ मध्ये इंग्लंडातल्या लॉर्ड रॅली या नामवंत शास्त्रज्ञाला तिने पत्र लिहिले. तो मोठा माणूस. त्याने ते पत्र ‘नेचर’ या साप्ताहिकाकडे शिफारस करून पाठवले आणि मार्चमध्ये ते छापूनही आले. तिच्या पन्हळीवरूनच पुढे अर्व्हिंग लँगम्यूर याने आपले उपकरण बेतले. त्याला १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेसला सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा तिची सत्तरी आली होती.

मुलगी ऐकत होती. तिने विचारले, “मॅडम, एवढ्या मोठ्या माणसाला पत्र लिहायला ती घाबरली नाही?”

मी म्हटले, “दहा वर्षे थांबली. मग लिहिले.”

परातीतले पाणी ढवळून तिने ते तुळशीला घातले. आणि मला मात्र आपल्या म्हणी नव्याने दिसायला लागल्या. ‘काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही’ असे आपण भावाभावांच्या भांडणात म्हणतो. म्हण करणाऱ्याला कणांची पकड ठाऊक नव्हती, पण पाणी फुटून पुन्हा एक होते हे त्याने पाहिले होते. ‘अळवावरचे पाणी’ म्हणजे क्षणभंगुर. पण अळवाच्या पानावर पाणी ठरत का नाही? पानावर मेणाचा थर असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर त्यावर बारीक बारीक उंचवटेही दिसतात. थेंब त्या उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकतो, खाली हवाच राहते. पानाला धरायला जागा नसते म्हणून थेंब स्वतःलाच धरून गोल होतो, घरंगळतो, आणि जाताना पानावरची धूळही घेऊन जातो. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानावर यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. अळूचे पानही याच जातकुळीचे. त्यावरून आता आपोआप स्वच्छ राहणारे रंगही निघाले आहेत. तेव्हा भाजीवालीने अळूची जुडी पुढे केली, की निदान एका पानावर थेंब टाकून बघावा. पत्रावळीवर वाढायच्या आधी तेवढे कौतुक त्याच्या वाट्याला यावे.

आणि ‘पाणी मुरणे’? तिथे उलट खेळ. अळवाला पाणी धरत नाही, पण माती, वीट, सुती कापड यांना ते घट्ट बिलगते. कडेचे कण भिंतीला बिलगून पुढे सरकतात आणि मागच्यांना हात देऊन ओढून घेतात. म्हणून पंचाचे टोक बादलीत बुडाले तर तासाभराने निम्मा पंचा ओला होतो, आणि पावसाळ्यात जोत्याची ओल भिंतीवर चढते. मुरणारे पाणी दिसत नाही, पण ते थांबतही नाही, हे हिशेबाच्या पाण्यालाही लागू आहे.

ही सारी एकमेकांना धरून राहण्याची करामत येते कुठून? अठराव्या शतकापर्यंत युरोपातही पाणी हे आपल्या पंचमहाभूतांतल्या आपतत्त्वासारखे मूलद्रव्यच मानले जाई. हायड्रोजन जाळला की पाणी तयार होते, हे इंग्लंडात कॅव्हेंडिशने दाखवले. आणि पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, असे १७८३ मध्ये पॅरिसच्या लाव्हाझिएने जाहीर केले. हायड्रोजनचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक. पण हे दोन अणू प्राणवायूच्या दोन बाजूंना सरळ रेषेत बसत नाहीत, कानांसारखे तिरपे बसतात. त्यामुळे कणाच्या एका बाजूला किंचित धन विद्युत्‌भार, दुसरीला किंचित ऋण. आणि एकाची धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूला धरते. एवढ्याशा तिरपेपणावर आपले जग उभे आहे. प्राणवायूच्या जागी त्याच घराण्यातला गंधक बसवला, तर होतो तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. तो शून्याखाली साठ अंशांनाच उकळतो. पाण्याच्या कणांची पकड नसती, तर पाणीही असेच वाफ होऊन गेले असते; ना समुद्र, ना आपण, ना हा दिवाळी अंक.

याच पकडीमुळे पाणी तापायला आणि निवायला वेळ घेते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, आणि वसई-मुंबईचा माणूस घामाने निथळत असला तरी सहसा चाळिशी ओलांडत नाही (वयाची नव्हे, पाऱ्याची). हे समुद्राचे उपकार. एक लिटर बर्फगार पाण्याला उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटींहून जास्त ते सगळे आटवायला लागते. माठ याच हिशेबावर चालतो. पाझरलेले पाणी वाफ होताना ही मोठी उष्णता आतल्या पाण्याकडून उसनी घेते. माझ्या सासूबाई मूळच्या वऱ्हाडातल्या. लग्न होऊन वसईला आल्या, तेव्हापासून त्यांची तक्रार आहे, की इथल्या कुंभारांना माठ घडवता येत नाही. कुंभार बिचारा निर्दोष आहे. कोकणपट्टीच्या हवेतच इतका ओलावा, की माठाचे पाणी वाफ व्हायला नाखूश असते. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि पुढल्या खेपेला अकोल्याहून माठ आणला.

बर्फाचे तर आणखीच विपरीत. बहुतेक पदार्थ गोठले की आखडतात आणि आपल्याच द्रवात बुडतात. पाणी चार अंशांपर्यंत निवताना आखडते, आणि पुढे मात्र फुगू लागते. गोठताना ते सुमारे नऊ टक्के जास्त जागा व्यापते. म्हणून सरबतात बर्फाचा खडा तरंगतो, आणि म्हणूनच काश्मीरच्या दाल सरोवराचा वरचा थर गोठला, तरी खालचे मासे जगतात. बर्फ बुडणारा असता, तर थंड देशांतली तळी तळापासून गोठत आली असती.

त्या रविवारी निघायच्या वेळी मुलीची आजी ओसरीवर येऊन बसली. तिचा उभा जन्म मिठागरावर गेला होता. तळपाय भेगाळलेले, आणि बोलणे खास आगरी. माझ्या लक्षात आले, की पाण्याची खरी प्राध्यापक इथे बसली आहे.

‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’ वरून आला. पिण्याजोगे ते पाणी. व्युत्पत्ती धरून बसले, तर समुद्राच्या पाण्याला पाणी म्हणताच येणार नाही! ते पिता येत नाही, कारण आपले मूत्रपिंड समुद्राइतकी खारट लघवी करू शकत नाही; प्यालेले मीठ बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी खर्ची पडते आणि तहान वाढत जाते. अशा न-पाण्यातून माणसाने मीठ काढले. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार. त्यांतले पावणेतीन किलोच्या आसपास खाण्याचे मीठ. पण ते नुसते उकळून काढायचे म्हटले, तर मिठाहून सरपणच महाग पडेल. म्हणून मिठागर. ते काम सूर्य फुकट करतो.

दिवाळी झाली, की मिठागराचे वर्ष सुरू होते. पावसाने फुटलेले बांध लिंपायचे, वाफ्यांचे तळ पायांनी मळून दगडासारखे करायचे. तळ कच्चा राहिला तर मेहनत मातीत मुरते. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी आत घ्यायचे आणि ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मुक्काम करीत करीत न्यायचे. दर मुक्कामाला ते आटत जाते. पाणी हे मोठे मनमिळाऊ, दुसरा कोणताही नेहमीचा द्रव विरघळवणार नाही इतके पदार्थ ते पोटात घेते. पण आटायला लागले, की एकेकाला निरोप देते, आणि तोही ठरलेल्या क्रमाने. आधी चुनखडी, मग जिप्सम, आणि पाणी दहाव्या हिश्शाच्या आसपास उरले की मीठ. त्यानंतरही थांबलात, तर मॅग्नेशियमचे कडू क्षार येऊन मीठ बिघडते. योग्य घडी साधायची, ती नजरेने. दाट पाण्याला लालसर झाक येते. ती झाक अशा खारट पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची.

मी आजीला विचारले, मीठ पडायला लागले हे कळते कसे? ती म्हणाली, “पयली साय येते, बाय.” वारा पडलेल्या दुपारी मिठाचे पहिले कण तळाशी न जाता पाण्याच्या पाठीवरच जमतात. चौकोनी, पापुद्र्यासारखे. मीठ पाण्याहून दुपटीने जड. तरी ती ताणलेली पाठ त्यांना तोलून धरते. वाऱ्याची झुळूक आली, की साय मोडते आणि मीठ खाली बसते. नात परातीत जे करीत होती, तेच मिठागर कोणी न शिकवता करीत होते.

मिठाची गोष्ट निघाली आहे, तर आणखी एक सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांनी बंगालमधल्या बनगावच्या छावण्या भरल्या आणि पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून घालून ते पिंपांतून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीत शंभरांतले तीसएक रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले. साखर सोबत असली, की आतडे मीठ आत घेते, आणि मिठापाठोपाठ पाणी जाते. तहान वाढवणारे मीठच योग्य मापात पाण्याला शरीराची वाट दाखवते. आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. दिवाळीच्या दिवसांत बोलू नये असे वाटले, पण पाण्याचा गुण सांगायला बसले आणि सर्वांत साधा गुण गाळला, तर लेख अपुरा राहील. पाणी सखल जागा शोधते.

मिठागरे ही मुळात सखल. उधाणाचे पाणी घेण्यासाठीच ती खाडीच्या पातळीवर बेतलेली. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, तेव्हा ती रिकामी दिसतात. पण त्या चार महिन्यांत त्यांचे दुसरे काम चालते. डोंगरावरून उतरलेले पाणी भरतीमुळे खाडीत जाऊ शकत नाही, ते तिथे पसरून ओहोटीची वाट बघते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला अतिवृष्टी झाली, तेव्हा वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली, आगगाड्या थांबल्या, घराघरांत वीज नव्हती. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या कोणालाही ते दिवस आठवतील. दरम्यान सखल जमिनींवर भराव पडतात, इमारती उठतात; आम्ही सारे अशाच कुठल्या तरी इमारतीत राहतो, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवायची सोय नाही. पण भराव टाकला म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या जुन्या घराच्या उंबऱ्यात जाते.

या मुलीच्या घरी गेली काही वर्षे जुलै महिन्यात एक तरी रात्र माणसे जागी असतात. तांदळाची पिंपे माळ्यावर, तिची पुस्तके माळ्यावर, रांगोळीच्या रंगांच्या पिशव्या सर्वांत वर. पूर्वी त्या घरात पाणी येत नव्हते. मी आजीला म्हटले, “मग आता काय करायचं?” ती उठली, दाराच्या चौकटीवर पाण्याचा डाग होता तो तिने मला बोटाने दाखवला आणि म्हणाली, “पानी आपली वाट सोरत नाय, बाय. आपुनच तेच्या वाटेन बसलो.”

म्हणजे पाहा, अंगणात पाणी तुंबते आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकर, अशी दोन्ही दुःखे एका शहराच्या वाट्याला येतात. वसई-विरारला पाणी मिळते ते पेल्हार आणि उसगाव इथून, आणि मुख्यतः सूर्या नदीच्या धामणी धरणातून. कित्येक कोसांची वाट नळांतून चालत. इतक्या लांबून पाणी आणावे लागणाऱ्या गावाने दारात पडणाऱ्या पाण्याची वाट बुजवावी, याला काय म्हणावे? विहिरी आणि तळी राखणे, नाले मोकळे ठेवणे, सखल जमीन सखल राहू देणे ही कामे मोठ्यांची खरी. पण सोसायटीच्या सभेत, गच्चीवरचे पाणी विहिरीत सोडायचा विषय निघाला की आपण डुलक्या घेऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे. अमरकोशात पाण्याची पंचवीसच्या वर नावे आहेत. त्यांत ‘जीवन’ आहे, ‘अमृत’ आहे. त्या यादीत ‘सांडपाणी’ची भर घालणारे आपण.

असो. फराळाच्या ताटाशी वाचकांना फार वेळ ताटकळत ठेवणे बरे नाही. मुलांना सुट्टी आहे, तेव्हा एक परात, मूठभर कोळशाची पूड आणि चिमूटभर रांगोळी त्यांच्या हवाली करा. पंखा बंद करायला विसरू नका. पहिली दोन कमळे बुडतील, तिसरे तरंगेल. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून पहिला तांब्या अंगावर घ्याल, तेव्हा दंडाकडे जरा बघा. तेलावर पाण्याचे थेंब अळवावरच्यासारखे गोल गोल उभे असतील. आणि उटण्याचा हात फिरला, की गुपचूप पसरतील. थंडीने दात वाजत असले, तरी तेवढे बघायला वेळ काढावा.

जूचंद्रची ती मुलगी यंदा प्रदर्शनात आजीचे चित्र काढणार आहे. जमिनीवर नव्हे, पाण्यावर. त्यासाठी तिने पत्र्याची चांगली चार हातांची पन्हळ करवून घेतली आहे. भेगाळलेले तळपाय कसे साधायचे, एवढाच तिला घोर आहे. बाकी पाण्यावर तिचा भरवसा आहे.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा!